देवळीतली जागा

माझ्या गावाचे नाव देवळी. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की साधारण अठरा किलोमीटरांवर ते येते. कापसाचे गाव म्हणून जुन्या लोकांना ते माहीत आहे, आणि मिरणनाथ महाराजांच्या देवळामुळे भाविकांनाही माहीत आहे. देवळी या शब्दाचा अर्थ लहानसे देऊळ. पण आमच्याकडच्या जुन्या घरांत हाच शब्द आणखी एका वस्तूला आहे. मातीच्या जाड भिंतीत, हाताच्या उंचीवर, बांधतानाच एक खण सोडून देतात. वर थोडीशी कमान, खाली फळीएवढी जागा. तिलाही देवळीच म्हणायचे. कुणी दिवळी म्हणतात, शहरातले लोक कोनाडा म्हणतात. आज बोलायचे आहे ते गावाविषयी थोडे आणि या भिंतीतल्या देवळीविषयी अधिक.

आमच्या घरी अशा तीन देवळ्या होत्या. एक ओसरीत, तंबाखूची चंची आणि अडकित्ता ठेवायला. एक सैपाकघरात, काडेपेटी आणि मिठाच्या बरणीसाठी. तिसरी माजघरात, आणि ती देवाची. तिच्यात पितळेचा बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, कुलदैवताचा टाक आणि पणती. पणतीच्या काजळीने वरची कमान इतकी काळी झाली होती की पोतेऱ्याचा हात फिरवला तरी तो काळेपणा जात नसे. संध्याकाळी दिवा लावण्याचे काम आमच्या आत्याकडे होते. ती लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. पदर सावरून ती दिवा लावी, हात जोडी आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटे. काय ते आम्हां पोरांना कधी कळले नाही.

देवाच्या जागी दुसरेच काही बसवण्याचा मोह माणसाला होतो, असे सगळेच धर्म सांगत आले आहेत. हे ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे चटकन दगडाची मूर्ती येते आणि वाद सुरू होतो, की मूर्ती पुजावी की पुजू नये. मला त्या वादात शिरायचे नाही. मोहाचे मूळ दगडात आहे असे मला वाटत नाही. तसे असते तर आमच्या गावच्या बायांनी तो प्रश्न केव्हाच सोडवला होता, असे म्हणावे लागेल. कसा, ते सांगतो.

कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. धुऱ्याजवळच्या एखाद्या चांगल्या झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा दहीभात वावरात शिंपडायचा, आणि मग ओटी बांधून वेचायला लागायचे. ते पाच खडे वावरातलेच असतात. हाताला लागले ते उचललेले. सकाळच्या त्या घटकाभरात ते देव असतात, आणि बायांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहिला तर ते देव नाहीत असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण दुपारी पाहा. त्याच खड्यांवर कुणाचा पाय पडतो, कुणाचे पोर त्यातला एक उचलून पाखरांवर भिरकावते. कुणी रागावत नाही. कुणी ते खडे पदरात बांधून घरीही आणत नाही.

गणपतीचे तेच. दहा दिवस ज्याच्यापुढे मोठ्याने बोलायचे नाही, त्याची उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती जागची थोडी हलवली, की पाण्याकडे निघायचे. लहान मुले रडतात. मोठ्यांनाही चुकल्याचुकल्यासारखे होते. पण मूर्ती पाण्यात जाते. पार्थिव शिवलिंगाची तर सकाळी माती मळायची, पूजा करायची आणि ती झाली की विसर्जन. आवाहन आणि विसर्जन हे दोन शब्द आपल्या पूजेत जोडीने येतात. बोलावणे जितके शास्त्राचे, तितकेच निरोप देणे शास्त्राचे. आमच्या पूर्वजांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता असे मला यावरून वाटते. ज्याला हात जोडले ते हातचे सोडायचीही सवय त्याला लावली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आता माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्याचे विसर्जन आपल्याच्याने होत नाही, ते देवाच्या जागी बसलेले असते. मग ते दगडाचे असो, कागदाचे असो, नाहीतर आणखी कशाचे.

आणि ते वाईटच असते असेही नाही. उलट, वाईट वस्तू त्या जागी फार दिवस टिकतच नाही. दारूला कुणी देव म्हणत नाही, जुगाराला म्हणत नाही. त्यांच्यापायी माणसे बुडतात ती गोष्ट वेगळी. पण त्यांची लाज तरी वाटते. त्या जागी जाऊन बसते ते चांगलेच काहीतरी. ज्याने आपल्याला जगवले, शिकवले, उभे केले, असे काहीतरी. म्हणून तर ते हलवता येत नाही. हलवायला गेले की कृतघ्नपणा केल्यासारखे वाटते.

यहूदी लोकांच्या जुन्या ग्रंथात एक गोष्ट आहे. सोन्याच्या वासराची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, ही तेवढी माहीत नसते. रानात सापांच्या दंशाने माणसे मरू लागली, तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा एक साप करून खांबावर लावला. त्याच्याकडे पाहिले की दंश झालेला माणूस वाचे. पुढे शेकडो वर्षे लोकांनी तो साप जपून ठेवला. त्याला नाव दिले, त्याच्यापुढे धूप जाळू लागले. शेवटी हिज्किया नावाच्या राजाने तो फोडून टाकला. पाहा, साप खोटा नव्हता. तो देवाच्या आज्ञेने झालेला होता आणि त्याने माणसे वाचवली होती. त्या राजाला फोडताना काय वाटले असेल, ते ग्रंथात लिहिलेले नाही.

इतक्या लांब कशाला जायचे? आमच्याच वऱ्हाडात पाहा. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी जी शिकवण दिली तिचा कणाच हा होता. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे. देवता आपापले फळ देतील, पण मोक्ष देणारा परमेश्वर एकच. म्हणून देवतेला परमेश्वराच्या जागी बसवू नका. मराठीत हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे, साध्या माणसांना कळेल अशा बोलीत, त्यांच्याआधी कुणी मांडल्याचे मला माहीत नाही. आणि मग ते शिष्यांना सोडून गेले. मागे राहिलेल्यांचे काय झाले असेल याची कल्पना करा. रिद्धपूरला म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. ते कुठे बसले, कुठे निजले, कुठे जेवले, त्या जागा शोधल्या गेल्या, त्यांची वर्णने लिहिली गेली, तिथे ओटे बांधले गेले. त्यांचा स्पर्श झालेली वस्तू प्रसाद म्हणून जपली गेली. ज्यांनी देवतांची देवळे सोडायला सांगितले, त्यांच्या वाटेवरचा प्रत्येक दगड वंद्य झाला.

इथे मी हसण्यासाठी हे सांगत नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. महानुभाव पंथातल्या जाणत्या माणसांना ही अडचण पुरती ठाऊक आहे. हा दगड परमेश्वर नव्हे, याला परमेश्वराचा संबंध झालेला आहे, एवढेच ते म्हणतात, आणि त्या जागेला नमस्कार करतात. संबंध आणि स्वतः तो, यांतले अंतर त्यांनी शब्दाने राखले आहे. रोजच्या नमस्कारात ते अंतर राखणे किती अवघड जात असेल, ते ज्याचे त्याला ठाऊक. ज्याचे माणूस गेले आहे, त्याने गेलेल्या माणसाचे धोतर किंवा चष्मा कपाटातून काढून टाकून पाहावा, म्हणजे त्या शिष्यांची स्थिती कळेल.

देवळीपासून सेवाग्राम काही फार लांब नाही. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. त्यांच्या हयातीतच कुणी एकाने त्यांचे देऊळ बांधले आणि त्यात त्यांची मूर्ती बसवून पूजा सुरू केली. ही बातमी त्यांच्यापर्यंत गेली. १९४६ साली ‘हरिजन’ पत्रात त्यांनी यावर लिहिले, आणि ते लिहिणे काही गोड नाही. ही अगदी हीन प्रतीची मूर्तिपूजा आहे, बांधणाऱ्याने पैसा वाया घालवला, गावच्या भोळ्या माणसांची दिशाभूल केली, आणि माझ्या सबंध आयुष्याची विटंबना केली, अशा अर्थाचे ते लिहिणे होते. चरख्याची पूजा करायची तर सूत काता, गीतेची करायची तर ती सांगते तसे वागा, पोपटपंची नको, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्या देवळाचे सूतकताईचे केंद्र करा, असा व्यवहारी सल्लाही त्यांनी देऊन टाकला. त्याआधी दहा वर्षे, १९३६ सालीच, गांधीवाद नावाची काही वस्तू नाही आणि मला माझ्यामागे पंथ ठेवायचा नाही, असे त्यांनी लिहिले होते. जिवंत माणसाने आपले विसर्जन आपणच करून ठेवावे, तसा तो प्रकार. पण आम्ही ते करू दिले नाही, हे उघड आहे.

गाडगेबाबांचे तर त्याहून नवल. शेंडगावचा हा परीट कीर्तनाला उभा राहण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडून काढी. दगडाच्या देवाविषयी तो श्रोत्यांना असे काही प्रश्न विचारी की हसता हसता त्यांची बोबडी वळे. पंढरपुरात त्याने येणाऱ्याजाणाऱ्या गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, पण विठोबाच्या दर्शनाला तो आत जात नसे. आपला कुणी शिष्य नाही असे सांगे. आपल्यामागे मूर्ती नको, समाधी नको, देऊळ नको, असे त्याने सांगून ठेवले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. आज त्यांची समाधीही आहे आणि मूर्तीही आहेत. मूर्तीच्या हातात खराटा असतो. कुठे कुठे त्या खराट्याला हार घातलेलाही मी पाहिला आहे. हार घातलेला खराटा झाडायला कसा घ्यायचा?

पण दुसऱ्यांच्या देवळीत डोकावणे सोपे असते. मी माझ्या घरातल्या देवळीचे अर्धेच सांगितले आहे.

ती देवळी भिंतीच्या आतल्या अंगाला होती. पावसाळ्यातही तिथे ओल येत नसे आणि उंदीर चढत नसे. म्हणून बाबांनी एकदा कापसाच्या काट्याची पावती तिथे ठेवली. बाळकृष्णाच्या पाठीमागे, घडी करून. मग पुढच्या वर्षीची पावती आली. मग सोसायटीच्या कर्जाचे कागद आले, मग शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि मग सातबाऱ्याचा उतारा. कागद वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. अन्नपूर्णा पुढे सरकली, टाक खाली फळीवर आला. एके वर्षी दिवाळीच्या आधी बाबांनी वर्ध्याहून लाकडी देव्हारा आणला, देव त्यात बसवले आणि तो दुसऱ्या भिंतीला ठेवला. कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. देवाला चांगली जागा झाली असेच आम्ही म्हणालो. देवळीत कागद राहिले. पणती मात्र आत्या सवयीने देवळीतच लावत राहिली, कागदांपुढे, थोडी बाजूला सरकवून, जळू नयेत म्हणून. आधी तिथे हात जोडी आणि मग देव्हाऱ्याकडे वळे.

बाबा भक्तिमान नव्हते असे नाही. पण त्यांचा खरा जीव वावरात होता. सोळा एकर काळी जमीन. कापसाला आमच्याकडे पांढरे सोने म्हणतात आणि गेली दीडशे वर्षे ते म्हणणे अंगी भिनलेले आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ साली सुरू झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध १८६५ साली संपले आणि भाव कोसळले. तेव्हापासून आमचे लोक वर पाहतात ते पावसाकडे आणि भावाकडे. याच आकाशवाणीवर बाजारभाव सांगत, तेव्हा ओसरीत दहा माणसे बसलेली असली तरी चिटपाखरूही बोलत नसे. आरतीच्या वेळी मात्र खुशाल बोलत. हे मी गमतीने सांगतो आहे, पण ते खरे आहे.

१९७२ सालचा दुष्काळ पुष्कळांना आठवत असेल. त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आत्याच्या पोटात दुखू लागले. वर्ध्याला दाखवले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मुंबईला न्या, शस्त्रक्रिया करावी लागेल, वेळेवर केली तर आशा आहे. मुंबईला नेणे म्हणजे तिथे महिना-दोन महिने राहणे, औषधे, बरोबर दोन माणसे. आदल्या वर्षी पिकले नव्हते. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते. घरात सोने उरले नव्हते. रस्त्याकडेच्या दोन एकरांना मात्र गिऱ्हाईक होते. ते स्वतःहून घरी येऊन गेले होते.

बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “वावर इकत नसतात.” एवढेच.

आत्या वाढत होती. ती म्हणाली, “कायले इकतं रे भाऊ. मले काही झालं नाही.” आणि तिने त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

बाबा निर्दय नव्हते, हे मला आज शपथेवर सांगता येईल. त्यांनी गावठी औषधे केली, नवस केले, तीन वेळा वैद्य आणला. रात्ररात्र तिच्या बाजेजवळ बसून राहिले. पण त्या दोन एकरांपाशी त्यांचा हात जाईना. वडिलांनी राखलेली जमीन, आजोबांनी उपाशी राहून घेतलेली जमीन. आईला कुणी विकते का, असे ते म्हणत. आणि ते खोटे म्हणत होते असे तरी कसे म्हणू? त्या जमिनीनेच आम्हां सगळ्यांना पोसले होते, आत्यालाही. फक्त एकच झाले. आई म्हणता म्हणता तिच्यापुढे बहीण वाहिली गेली.

आता माझे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शाळेत मास्तर झालो होतो, घरात माझ्या शब्दाला थोडे वजन येऊ लागले होते. त्या दिवशी मी त्याच पंगतीत बसलो होतो. मी बोललो असतो तर बाबांनी ऐकले असते की नाही, ठाऊक नाही. पण मी बोललो नाही. घरातला मी एकुलता एक मुलगा. ते रस्त्याकडेचे दोन एकर पुढे माझ्याच नावावर व्हायचे होते. हे तेव्हा मी मनाशीसुद्धा उच्चारले नव्हते. मी मनाशी म्हणत होतो की वडिलांचा शब्द मोडू नये. वडिलांचा मान राखणे ही काय वाईट गोष्ट आहे? वाईट गोष्ट त्या जागी बसत नाही असे मघाशी म्हणालो, ते मी इथे शिकलो.

आत्या श्रावणात गेली. जाण्याच्या चार दिवस आधीपर्यंत तिने देवळीत दिवा लावला. उभे राहवत नव्हते म्हणून भिंतीला धरून लावी. तेराव्यानंतर एके संध्याकाळी बाबा देवळीपाशी गेले, सगळे कागद बाहेर काढले आणि हातात धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. आता ते काही करतील असे मला वाटले. त्यांनी कागद झटकले, पुन्हा नीट घडी घातली आणि आत ठेवले. दिवा त्या दिवशी कुणीच लावला नाही.

ते दोन एकर पुढे माझ्या नावावर झाले. मीही ते विकले नाहीत.

सात वर्षांपूर्वी ते मातीचे घर पाडून आम्ही विटासिमेंटचे बांधले. नव्या भिंती नऊ इंची, त्यात खण सोडायला जागा कुठली? सातबारा आता संगणकावर मिळतो, कागद जपायचेही कारण उरले नाही. तरी मी गवंड्याला म्हणालो, माजघरात एक देवळी ठेव. तो म्हणाला, “गुरुजी, आता कोणी ठेवत नाही, भिंत कच्ची होते.” मी हट्टच धरला. त्याने भिंत थोडी पुढे घेऊन एक लहानशी देवळी काढून दिली. देव्हारा आधीच दुसऱ्या खोलीत होता, तो तिथेच ठेवला. देवळीत संध्याकाळी फक्त पणती लावायची असे ठरले.

पहिल्याच महिन्यात सौभाग्यवतींनी विजेचे बिल हरवू नये म्हणून तिथे ठेवले. मी ते काढले आणि थोडे बोललोही. पुढच्या महिन्यात बिल आले तेव्हा मी बाहेर निघालो होतो, चष्मा सापडत नव्हता. मी ते तिथेच ठेवले.